प्रस्तावना : आधी मोजा, मग खोला

किल्ली फिरवल्यावर गाडी नुसती ‘कट-कट’ करून गप्प बसली की आपल्याकडे पहिला संशय बॅटरीवर जातो. सोसायटीतली चार माणसे धक्का मारायला येतात, कोणी जम्पर केबल काढतो, गाडी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत नवी कोरी बॅटरी बसलेली असते. आठवड्याने पुन्हा तोच तमाशा. मग कुठे कोणाच्या तरी ध्यानात येते की बॅटरी ही नुसती साठवण आहे. तिच्यात रोज भर घालणारा धनी वेगळाच आहे. तो बॉनेटखाली, बेल्टच्या ओढीवर, तेला-धुळीने माखून बसलेला असतो आणि बहुतेक गाडीमालकांनी त्याला कधी निरखून पाहिलेलेही नसते. हे पुस्तक त्या अल्टरनेटरविषयी आहे: तो कसा ओळखावा, कसा तपासावा, स्वतःच्या हाताने कसा बदलावा आणि जमेल तिथे खोलून पुन्हा कसा उभा करावा.

पूर्ण भरलेली, काही तास उभी राहिलेली बॅटरी 12.6 व्होल्टांच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झाले की तोच आकडा साधारण 13.8 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. चढला नाही, तर गाडी शिलकीवर चालली आहे असे समजायचे. ही शिलक किती तुटपुंजी असते हे पावसाळी रात्री घाटात कळते. दोन हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर खातात, वायपर चार-पाच, ब्लोअर आठ-दहा, रेडिएटरचा पंखा जवळपास तेवढेच. शिवाय पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचा संगणक. छोट्या गाडीतली 35 अँपिअर-तासांची बॅटरी एवढा भार एकटीने तासभरही ओढू शकत नाही. आधी दिवे पिवळे पडतात, मग वायपर रेंगाळतो आणि शेवटी इंजिन बंद पडते. रस्त्यात बंद पडलेल्या अशा गाड्यांतल्या बऱ्याच जणींना बॅटरीचा रोग नसतोच.

चुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलले की तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हिप्पोलित पिक्सीने हाताने फिरवायचे यंत्र बनवले. त्यातून निघणारी वीज दर अर्ध्या फेऱ्याला दिशा बदलत होती, आणि त्या काळी असल्या विजेचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून पिक्सीने यंत्राला कम्युटेटर जोडून ती एकाच दिशेला वळवली. म्हणजे जन्मला होता अल्टरनेटरच, पण त्याचा डायनामो करून वापरावा लागला. मोटारींच्या बाबतीत हीच गोष्ट सव्वाशे वर्षांनी उलट्या क्रमाने घडली.

सुरुवातीच्या मोटारींना विजेची फारशी गरज नव्हती. दिवे कार्बाइडचे, ठिणगी मॅग्नेटोची, आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल. 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला आणि चित्र पालटले. स्टार्टर आला म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे चालत्या गाडीत ती भरणारे यंत्रही आले. ते यंत्र म्हणजे डायनामो. त्याने जवळपास पन्नास वर्षे राज्य केले.

डायनामोचे दुखणे त्याच्या रचनेतच होते. वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. म्हणजे सगळाच्या सगळा प्रवाह कम्युटेटर आणि कार्बन ब्रशांमधून बाहेर काढावा लागतो. जितका प्रवाह जास्त तितक्या ठिणग्या, तितकी झीज. फार वेगाने फिरवावा तर आर्मेचरच्या तारा बाहेर उसळण्याची भीती. म्हणून पुली मोठी ठेवायची, आणि मग इंजिन मंद चालताना चार्जिंग जवळजवळ शून्य. ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा लुकासचा सी-40 डायनामो भर वेगात 22 अँपिअर देई. आज तेवढे नुसत्या पंख्या-ब्लोअरला लागतात. जुन्या अँबॅसडर किंवा पद्मिनीत सिग्नलला थांबल्यावर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत असे, आणि ड्रायव्हर सवयीने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून असे. वरून तीन गुंडाळ्यांची कंट्रोल बॉक्स: एक बॅटरीतली वीज उलटी वाहू नये म्हणून, एक व्होल्टेज आवरायला, एक प्रवाह आवरायला. तिचे कॉन्टॅक्ट घासून नेमक्या फटीवर बसवणारा मिस्त्री त्या काळी पंचक्रोशीत मानाने ओळखला जाई.

मार्ग निघाला तो सिलिकॉन डायोडमुळे. उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळवायचे काम आता बोटाच्या पेराएवढा, न फिरणारा, न झिजणारा तुकडा करू लागला. त्याआधी सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण ते आकाराने अवजड आणि उष्णतेला नाजूक. सैन्याच्या आणि पोलिसांच्या गाड्यांपलीकडे ते फारसे गेले नाहीत. अमेरिकेत क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर प्रमाण म्हणून बसवला आणि पुढच्या दशक-दीड दशकात पाश्चात्त्य बाजारातून डायनामो जवळपास नाहीसा झाला. आपल्याकडे गाडी जरा सावकाश आली. चेन्नईजवळ पाडीला लुकास-टीव्हीएसचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला होता, तरी अँबॅसडर आणि पद्मिनीमधून डायनामो बरीच वर्षे हलला नाही. सर्वसामान्य घराच्या दारात अल्टरनेटर खऱ्या अर्थाने पोहोचला तो डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 बरोबर. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर 2023 मध्ये. म्हणजे दोन्ही यंत्रांवर हात चालवलेली मिस्त्रींची एक पिढी अजून आपल्यात आहे. या पुस्तकातले कितीतरी कसब तिच्याकडून आलेले आहे आणि लेखकाने ते मोकळेपणाने मान्य केले आहे.

आता आत काय असते ते थोडे जवळून पाहू. मधोमध रोटर: तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाचे नखे असलेले दोन तुकडे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे बसवलेले. सहा आणि सहा, असे बहुधा बारा ध्रुव. भोवती स्टेटर: 36 खाचा, त्यात तीन फेजची वायंडिंग. मागे डायोड प्लेट, रेग्युलेटर आणि दोन कार्बन ब्रश. डायनामोच्या उलट, इथे मोठा प्रवाह न हलणाऱ्या स्टेटरमधून निघतो. ब्रशांना फक्त रोटरला लागणारे तीन-चार अँपिअर पोहोचवायचे असतात, तेही गुळगुळीत स्लिप रिंगांवरून. म्हणून पुली लहान ठेवून तो इंजिनाच्या अडीच-तीन पट वेगाने पळवता येतो आणि गाडी सिग्नलला उभी असतानाही चार्जिंग चालू राहते. डायोड वीज उलटी जाऊ देत नाहीत, आणि स्टेटर स्वतःच्या गुणधर्माने प्रवाहाला मर्यादा घालतो. सांभाळायचे उरते ते फक्त व्होल्टेज. तीन गुंडाळ्यांची ती बॉक्स जाऊन काड्यापेटीएवढा रेग्युलेटर आला तो यामुळे.

ही रचना ध्यानात आली की बिघाडांची यादी पाठ करावी लागत नाही. झिजतात ते ब्रश आणि बेअरिंगे. उष्णतेने जातात ते डायोड आणि रेग्युलेटर. तांब्याची वायंडिंग सहसा आपणहून जळत नाही. डायोड शॉर्ट झाला, किंवा मेलेली बॅटरी महिनोन् महिने भरत राहावी लागली, तर जळते. हे सांगायचे कारण, आपल्याकडे ‘अल्टरनेटर गेला’ हा निकाल फार लवकर दिला जातो. माझ्या मते गेलेल्या म्हणून टाकलेल्या अल्टरनेटरांपैकी मोठा वाटा नुसत्या ब्रशांवर किंवा बेअरिंगवर पुन्हा चालला असता. उरलेल्यांत दोष कित्येकदा अल्टरनेटरात नव्हताच. ढिल्या बेल्टमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये नाहीतर जळक्या फ्युजिबल लिंकमध्ये होता.

दुरुस्तीची घराणी जगभर साधारण चारच. पहिले कंपनीच्या वर्कशॉपचे: काढा आणि नवा बसवा. काम झटपट होते, वॉरंटी मिळते आणि खिसा रिकामा होतो. दुसरे अदलाबदलीचे. अमेरिका-युरोपात जुना अल्टरनेटर परत केल्याशिवाय नव्याची अनामत सुटत नाही. ती जुनी कलेवरे कारखान्यात धुऊन, झिजलेले भाग बदलून, टेस्ट बेंचवर फिरवून पुन्हा दुकानात येतात. आपल्याकडे कुर्ल्याच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या बाजारात ‘रिकंडिशन’ म्हणून जे मिळते ते याच घराण्याचे, पण त्याची प्रत दुकानदाराच्या सचोटीवर. रंग मारून चकचकीत केलेला माल आणि खरोखर आतून केलेला माल काउंटरवर सारखाच दिसतो. तिसरे घराणे आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे. हा माणूस दोष असेल तोच भाग बदलतो. बाकडे, व्हाइस, पुलर, सोल्डरिंग गन आणि वायर लावलेला एक बल्ब एवढ्यावर त्याचे दुकान चालते. चौथे रिवाइंडिंगवाल्यांचे, पंपाच्या मोटारी भरणारे हेच लोक स्टेटरही भरून देतात.

पाचवा मार्ग घरच्या हौशी माणसाचा, आणि त्याची परंपरा मोठी आहे ती इंग्लंडात. जॉन हेन्सने 1966 साली पहिले ‘हेन्स मॅन्युअल’ काढले ते एक गाडी पूर्ण खोलून, पुन्हा जोडून, टप्प्याटप्प्याचे फोटो घेऊन. तिथून ती पुस्तके घरोघरीच्या गॅरेजात गेली. गंमत अशी, की इंजिन उतरवायला न कचरणारी ही पुस्तके अल्टरनेटरपाशी आली की पुष्कळदा हात आखडता घेतात: ब्रश बदला, त्यापुढे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. प्रस्तुत पुस्तक सुरू होते ते साधारण तिथून पुढे.

रिवाइंडिंगबद्दल माझे मत थोडे कडक आहे. हाताने भरलेल्या स्टेटरमध्ये कारखान्याइतके तांबे खाचेत बसत नाही, वॉर्निश नीट भाजले जात नाही, आणि 70 अँपिअरचा अल्टरनेटर पन्नासच्या आसपास धापा टाकू लागतो. डेन्सोने 2000 साली चौकोनी काटछेदाच्या तांब्याच्या तुकड्यांचे स्टेटर आणले. तसले स्टेटर हाताने भरता येतच नाहीत. जुना ट्रॅक्टर असेल, सुटा भाग बाजारात उरलाच नसेल, तर रिवाइंडिंग जरूर करावे. एरवी भंगारातून त्याच मॉडेलचा चांगला स्टेटर शोधणे शहाणपणाचे.

ब्रश बदलणे मात्र ज्याने एकदा केले त्याची भीती कायमची जाते. मागचे झाकण काढले की दोन-तीन स्क्रूंवर बसलेला ब्रश होल्डर दिसतो. जुन्या ब्रशांची लांबी पाच मिलिमीटरच्या खाली गेली असेल, किंवा एक ब्रश घरात अडकून राहिला असेल, तर चोर सापडला. स्लिप रिंगांवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसायची, मल्टीमीटरची दोन टोके दोन रिंगांवर टेकवायची. बारा व्होल्टांच्या बहुतेक रोटरांत अडीच ते चार ओहम दिसतात. एक टोक रिंगवर आणि दुसरे शाफ्टवर ठेवले तर काहीच दिसता कामा नये. नव्या ब्रशाची वेणीसारखी तार सोल्डर करताना खरी परीक्षा असते. सोल्डर तारेत वर चढले तर ती काडीसारखी ताठ होते, ब्रश घरात मोकळा सरकत नाही, आणि आठवड्याभरात लाल दिवा परत लागतो. म्हणून गन क्षणभरच टेकवायची आणि तार चिमट्याने सोल्डरच्या वरच्या बाजूला धरून ठेवायची. काही मॉडेलांत जुळणी करताना ब्रश आत दाबून ठेवावे लागतात. मागच्या भोकातून सायकलचा स्पोक घालून ते अडवतात आणि सगळे बसल्यावर स्पोक ओढून काढतात.

बेअरिंगांचेही असेच. त्यावर कोरलेला आकडा जगभर एकच असतो. 6303 म्हणजे 6303. गाडीच्या कंपनीच्या पाकिटातून घेण्यापेक्षा तेच नामांकित बनावटीचे बेअरिंग बेअरिंगच्या दुकानातून घेतले तर पैसे वाचतात. फक्त दोन्ही बाजूंनी सील असलेले आणि त्या उष्णतेला-वेगाला चालणारे आहे ना, एवढे विचारून घ्यायचे. डुप्लिकेट मालाबद्दल लेखकाने वेगळे लिहिले आहे. बाजाराचा अनुभव असलेल्यालाही ते वाचण्यासारखे आहे.

एका जुन्या सवयीवर लेखकाने कडाडून टीका केली आहे, आणि मी तिला दुजोरा देतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर ठीक, बंद पडली तर खराब. ही परीक्षा डायनामोच्या काळात खपून जाई. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली तर बारा व्होल्टांच्या गाडीत क्षणभर 60-70 व्होल्टांच्याही वर उसळी येऊ शकते. त्यात डायोड जातात, रेग्युलेटर जातो, आणि आजच्या गाडीत इंजिनाचा संगणकही जाऊ शकतो. त्याऐवजी किल्ली ‘ऑन’ करून, इंजिन बंद ठेवून, अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ स्क्रू ड्रायव्हरचे टोक न्यावे. ओढ लागली तर रोटरला वीज पोहोचते आहे. फुकटची आणि निर्धोक परीक्षा.

हे सगळे आत्ताच का? एक कारण कायद्याच्या अंगाने आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा ऐरणीवर आला तो आला. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहने होती. हक्क कागदावर येईल; तो वापरायला दुरुस्ती यावी लागते.

दुसरे कारण यंत्राच्याच अंगाने. अल्टरनेटर बदलतो आहे. नव्या पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर आता इंजिनाच्या संगणकाचे ऐकतो: वेग घेताना चार्जिंग कमी, ब्रेक मारताना जास्त. तिथे मीटरवर 12.8 दिसले म्हणून अल्टरनेटर खोलायला घेणे म्हणजे निरोगी माणसाला टेबलावर घेणे. काहींच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो आणि ती काढायला खास हत्यार लागते. मारुतीने 2015 मध्ये सियाझमध्ये आणलेल्या सौम्य हायब्रिड पद्धतीत अल्टरनेटरच स्टार्टरचेही काम करू लागला. विजेवरच्या गाडीत अल्टरनेटर नाहीच. तिथली छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीकडून कन्व्हर्टरमार्फत भरते. तरीही आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर आणखी बरीच वर्षे चालणार आहेत, आणि वॉरंटीबाहेर गेलेल्या गाडीचा मालक बहुधा नवा अल्टरनेटर सहज परवडणारा माणूस नसतो.

तिसरे कारण भाषेचे. 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले त्या काळात यंत्राविषयी मराठीत लिहिणे ही कमीपणाची गोष्ट नव्हती. आज आयटीआयचा मुलगा हाताने उत्तम काम करतो, पण सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत, व्हिडिओ हिंदीत. ‘का’ हा प्रश्न त्याला मराठीत विचारताच येत नाही अशी अवस्था. या पुस्तकाने ती उणीव एका छोट्या यंत्रापुरती तरी भरून काढली आहे.

पुस्तकाने काय केलेले नाही, तेही सांगायला हवे. प्रत्येक मॉडेलचा नट कुठल्या पान्ह्याने सुटतो याची जंत्री यात नाही. असली जंत्री दोन वर्षांत शिळी होते. लेखकाचा भर मोजण्यावर आहे: बॅटरीवर किती, अल्टरनेटरच्या मुख्य टोकावर किती, या दोहोंतला फरक किती. भार चालू असताना हा फरक अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर दोष वायरीत शोधायचा, अल्टरनेटरात नाही. हातात पान्हा घेण्याआधी हे तीन आकडे कागदावर असलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. काही वाचकांना तो मास्तरकी वाटेल. मला तो पुस्तकाचा कणा वाटतो. उणीव म्हणाल तर कोकणातल्या खाऱ्या हवेने गाड्यांच्या अर्थिंगचे आणि डायोड प्लेटचे जे होते, त्यावर आणखी चार पाने हवी होती. पुढच्या आवृत्तीत ती यावीत.

नवख्या वाचकाला दोन सूचना. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा, कारण अल्टरनेटरच्या मुख्य तारेत किल्ली काढल्यावरही वीज असते. पान्हा तिथे आणि बॉडीला एकदम टेकला तर तो लाल होईपर्यंत चिकटून राहतो. आणि हे पुस्तक गाडी बिघडायची वाट पाहत कपाटात ठेवू नका. एक साधा मल्टीमीटर आणा, आणि गाडी ठणठणीत असतानाच तिचे आकडे घ्या: थंड बॅटरीचा, इंजिन मंद चालतानाचा, सगळे दिवे-पंखे लावून घेतलेला. पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने त्यासाठीच सोडली आहेत. त्यांवर तारीख घालून लिहा.